भिंतीवर काय टांगलं होतं?

आयोवा राज्यातल्या स्मिथलँड गावाजवळचं एक शेतकऱ्याचं घर, 1936 सालचा नाताळ. टेबलाभोवती घरातली लहान मुलं जेवताहेत आणि ती उभ्यानंच जेवताहेत. ताटात काय आहे ते फोटोत नीट कळत नाही, पण फोटोखालच्या ओळीत ते लिहिलेलं आहे: बटाटे, कोबी आणि ‘पाय’ हा भाजलेला पदार्थ. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सणाचं एका कुटुंबाचं हे जेवण. फोटो काढणाऱ्या रसेल ली यांनी कॅमेरा आवरून निघून जाण्याआधी घरात काय शिजलं होतं, याची नोंद करून ठेवली होती.

ली यांना हा फोटो काढायला कुठल्या वर्तमानपत्रानं पाठवलं नव्हतं. ते सरकारी नोकर होते. 1935 ते 1943 या काळात अमेरिकेच्या केंद्र सरकारनं मोजक्या छायाचित्रकारांना पगारावर ठेवून देशभर फिरवलं आणि शेतं, स्वयंपाकघरं, न्हाव्यांची दुकानं, बसथांबे, शाळा, चर्चची अंगणं यांचे फोटो काढून घेतले. त्यातून सुमारे 1,75,000 कृष्णधवल निगेटिव्ह आणि 1,600 च्या आसपास रंगीत फोटो जमा झाले. साध्या माणसांच्या रोजच्या जगण्याची इतकी मोठी, इतकी बारकाईची सरकारी नोंद त्याआधी कुठल्याही देशानं क्वचितच केली असेल. हे फोटो आज सुंदर वाटतात, जुन्या काळाची ओढ लावतात. पण ते नीट वाचायचे तर ते कुणी, कशासाठी आणि कोणते प्रश्न मनात घेऊन काढले, हे आधी समजून घ्यायला हवं.

फोटो न काढणारा साहेब

1929 च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यानंतर अमेरिकेत महामंदी आली. 1933 पर्यंत दर चार कामगारांमागे जवळपास एक बेकार झाला. शेतमालाचे भाव आधीच पडलेले होते. त्यात ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्ससच्या सपाट प्रदेशात अवर्षण पडलं आणि गवताळ जमीन नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडायला लागली. 14 एप्रिल 1935 चं धुळीचं वादळ इतकं दाट होतं की त्या दिवसाला ‘काळा रविवार’ हे नाव पडलं. हजारो कुटुंबं जुन्या मोटारींवर गाद्या आणि भांडी बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाली.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारनं अशा शेतकऱ्यांना कर्ज द्यायला, नव्या जागी वसवायला आणि स्थलांतरितांसाठी छावण्या उभारायला 1935 मध्ये एक खातं काढलं. 1937 मध्ये त्याचं नाव ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’, थोडक्यात ‘एफएसए’ झालं. खात्याचे सुरुवातीचे प्रमुख रेक्सफर्ड टगवेल हे कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ. शहरातल्या करदात्यांना आणि संसदेतल्या प्रतिनिधींना खेड्यातली हलाखी डोळ्यांनी दिसल्याशिवाय या खर्चाला पाठिंबा मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आपला जुना विद्यार्थी आणि सहकारी रॉय स्ट्रायकर याला बोलावून छायाचित्रांचा विभाग त्याच्याकडे सोपवला.

स्ट्रायकर छायाचित्रकार नव्हता. त्याची तालीम अर्थशास्त्राची. पण टगवेल यांच्याबरोबर अमेरिकन अर्थजीवनावरचं पाठ्यपुस्तक तयार करताना त्यानं त्यासाठी चित्रं गोळा केली होती, आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढून बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या लुईस हाइनचं काम तेव्हाच त्याच्या पाहण्यात आलं होतं. चांगला फोटो निघायला आधी विषय कळावा लागतो, यावर त्याचा ठाम विश्वास होता. कार्ल मायडन्स हा तरुण छायाचित्रकार कापसाचे फोटो काढायला दक्षिणेत निघाला, तेव्हा स्ट्रायकरनं त्याला विचारलं, कापसाबद्दल तुला काय माहीत आहे? मायडन्सला फारसं काही सांगता आलं नाही. मग स्ट्रायकरनं त्याचं जाणं लांबवलं आणि रात्री उशिरापर्यंत कापसाची लागवड, गुलामगिरीशी असलेलं त्याचं नातं, बाजार, कर्ज, जमिनीची झीज हे सगळं त्याला समजावून दिलं. तो आपल्या माणसांना भूगोलाची पुस्तकं वाचायला लावायचा आणि प्रवासात असताना लांबलचक पत्रं पाठवायचा.

प्रश्नांची यादी

या पत्रांबरोबर छायाचित्रकारांना प्रश्नांच्या याद्या जायच्या. 1936 मध्ये स्ट्रायकरची समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी भेट झाली. लिंड यांनी पत्नी हेलन यांच्याबरोबर एका मध्यम आकाराच्या अमेरिकन शहराचा गाजलेला अभ्यास केला होता. त्यांच्याशी बोलून स्ट्रायकरनं लहान गावांसाठी जी यादी केली, ती आजही एखाद्या समाजशास्त्राच्या वर्गात वापरता येईल. संध्याकाळी घरी लोक काय करतात, रेडिओ ऐकतात की पत्ते खेळतात? वेगवेगळ्या उत्पन्नाच्या घरांत तेव्हा अंगावर कपडे कोणते असतात? श्रीमंत क्लबात भेटतात, मग गरीब कुठे भेटतात: बिअरच्या दुकानात, गॅरेजमध्ये, रस्त्याच्या कोपऱ्यावर? बायकांना भेटायला पुरुषांइतक्या जागा आहेत का? आणि घराच्या भिंतींवर लोक काय लावतात, कारण त्यावरून त्या घराची ऐपत आणि आवड दोन्ही ओळखता येतात.

इतक्या दशकांनंतर हे फोटो पाहताना जाणवतं की यादीतला भिंतीचा प्रश्न सर्वांत फळला. या विभागाचे छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी 1936 च्या उन्हाळ्यात अलाबामातल्या हेल काउंटीत बटाईनं कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांच्या घरांचे फोटो मोठ्या कॅमेऱ्यानं काढले. एका स्वयंपाकघरात लाकडी भिंतीवर एक अरुंद पट्टी ठोकली आहे आणि तिच्यामागे काटे-चमचे खोचून ठेवले आहेत. मांडणी नाही, कपाट नाही, पण प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आहे. दुसऱ्या फोटोत फळीवर घमेलं, शेजारी खिळ्याला लटकवलेला टॉवेल आणि आतल्या टेबलावर रॉकेलचा दिवा. त्या दिव्यात एका मोठ्या आकडेवारीचा अर्थ आहे: 1930 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या दर 10 शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट इमारत 1931 मध्येच झळाळत होती आणि खेड्यांतली बहुतेक मुलं कंदिलाच्या उजेडात अभ्यास करत होती. खेड्यांत वीज नेणारी केंद्रीय योजना 1935 मध्ये सुरू झाली. या संग्रहात तारा कुठे पोचल्या आणि कुठे नाहीत हे राज्यागणिक पाहता येतं.

अनेक फोटोंत भिंतींवर वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवलेली दिसतात. ती शोभेसाठी कमी आणि फळ्यांच्या फटींतून येणारा वारा अडवायला जास्त. आर्थर रॉथस्टीन यांनी 1937 मध्ये अलाबामातल्या जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत काढलेल्या फोटोत ओंडके आणि मातीच्या घराच्या खिडकीत एक मुलगी उभी आहे आणि खिडकीचं दार जाहिराती छापलेल्या वर्तमानपत्रानं मढवलेलं आहे. जे विकत घेणं या घराच्या स्वप्नातही नव्हतं, त्याच्या जाहिराती थंडी अडवायला उपयोगी पडत होत्या.

कपड्यांकडे पाहिलं तर फुलाफुलांचे फ्रॉक वारंवार दिसतात. पीठ, साखर आणि कोंबड्यांचं खाद्य तेव्हा कापडी पोत्यांत मिळायचं. ती पोती उसवून बायका मुलांचे कपडे शिवतात, हे गिरण्यांच्या लक्षात आलं आणि पोत्यांवर रंगीत नक्षी छापली जाऊ लागली. कापड हवं तसं मिळावं म्हणून बायका पोत्यांची नक्षी पाहून खाद्य निवडायच्या. त्या काळातल्या पुष्कळ खेडवळ पोशाखांचा उगम असा धान्याच्या दुकानात आहे.

रसेल ली यांचं शिक्षण रसायन अभियांत्रिकीचं. ते घरांत शिरताना फ्लॅश वापरायचे. त्यानं चेहऱ्यावरची सावली जाऊन फोटोला सपाटपणा येतो, असा आक्षेप घेतला जातो. पण त्याच उजेडात खोलीचा प्रत्येक कोपरा उघडा पडतो: घड्याळ, कॅलेंडर, औषधाच्या बाटल्या, पलंगाखालच्या पेट्या. 1940 मध्ये ते न्यू मेक्सिकोतल्या ‘पाय टाऊन’ नावाच्या लहानशा वस्तीत गेले. दुष्काळी टेक्सास आणि ओक्लाहोमातून आलेली कुटुंबं तिथे अर्धी जमिनीत खोदलेली, वर ओंडक्यांची घरं बांधून राहत होती. ली यांनी तिथे सुमारे 600 फोटो काढले. सामुदायिक गाणी, प्रत्येकानं घरून आणलेलं जेवण, रात्रीचा नाच, बरण्यांत भरून ठेवलेल्या भाज्या हे सगळं त्यांत आहे.

बरण्यांचे फोटो या संग्रहात जागोजागी सापडतात आणि ते फक्त गृहिणीच्या कौतुकासाठी काढलेले नाहीत. एफएसएच्या कर्जदार कुटुंबांना भाज्या-फळं टिकवण्यासाठी प्रेशर कुकर घेऊन दिला जायचा आणि खात्याच्या बायका घरोघरी जाऊन ते काम शिकवायच्या. बरण्यांनी भरलेल्या फळ्या दाखवणं म्हणजे कर्ज कामी आलं हे दाखवणं. तो प्रचार होता. पण बरण्या खऱ्या होत्या आणि त्या बाईच्या चेहऱ्यावरचा अभिमानही खरा होता. हे फोटो पाहताना या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवाव्या लागतात.

चौकटीबाहेर काय राहिलं

मार्च 1936 मध्ये याच विभागाच्या छायाचित्रकार डोरोथिया लँग कॅलिफोर्नियातल्या दौऱ्यावरून घरी परतत होत्या. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी त्यांना दिसली. त्या पुढे निघून गेल्या आणि सुमारे 30 किलोमीटर गेल्यावर गाडी वळवून मागे आल्या. तंबूतल्या एका आईचे त्यांनी काही फोटो काढले, प्रत्येक वेळी थोडं अधिक जवळ जात. शेवटी आईच्या खांद्यांवर पाठमोरी दोन मुलं, मांडीवर तान्हं बाळ आणि दूर लागलेली नजर एवढंच चौकटीत उरलं. ‘मायग्रंट मदर’ या नावानं तो फोटो जगभर गेला. वर्तमानपत्रात छापून आल्यावर सरकारनं छावणीला सुमारे 9,000 किलो अन्न पाठवलं. तोवर ते कुटुंब तिथून पुढे गेलं होतं.

लँग यांनी तिचं वय लिहून घेतलं, 32, पण नाव लिहून घेतलं नाही. ते जगाला कळलं 1978 मध्ये: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ती मूळची ओक्लाहोमाची आणि चेरोकी वंशाची होती. चार दशकं ज्या चेहऱ्याकडे गोऱ्या शेतकरी आईचं प्रतीक म्हणून पाहिलं गेलं, तो मूळनिवासी स्त्रीचा होता. फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं तिनं सांगितलं. खाण्यासाठी गाडीचे टायर विकले, ही लँग यांनी नोंदलेली गोष्टही कुटुंबानं नाकारली. तो फोटो खोटा नव्हता. त्याच्यामुळे मदत निघाली. पण ज्या बाईचं दुःख देशाचं प्रतीक झालं, तिला स्वतःबद्दल बोलायची संधी मिळायला 42 वर्षं लागली.

एफएसएच्या प्रामाणिकपणावर त्या काळीही वाद झाले. 1936 मध्ये रॉथस्टीन यांनी साउथ डकोटात भेगाळलेल्या जमिनीवर गाईची कवटी ठेवून आणि तिची जागा थोडी बदलून बरेच फोटो काढले. निवडणुकीचं वर्ष होतं. विरोधी वर्तमानपत्रांनी ‘सरकार दुष्काळ बनवून दाखवतं’ अशी ओरड केली. दुष्काळ खरा होता, तरी कवटी सरकवल्यानं फोटोवरचा विश्वास डळमळला.

दुसरी निवड अधिक खोलवर परिणाम करणारी होती. 1937 मध्ये स्ट्रायकरनं लँग यांना लिहिलं की काळे आणि गोरे दोन्ही प्रकारच्या बटाईदारांचे फोटो काढा, पण भर गोऱ्यांवर ठेवा, कारण ते जास्त छापले जातील. संग्रहात कृष्णवर्णीयांचे हजारो फोटो असूनही मंदीच्या आठवणीत गोरे चेहरेच का ठसले, याचं एक कारण या पत्रात आहे. तरीही वर्णभेद कॅमेऱ्यातून सुटला नाही. मॅरियन पोस्ट वोल्कॉट यांनी 1939 मध्ये मिसिसिपीतल्या बेलझोनी गावात चित्रपटगृहाच्या बाहेरचा जिना टिपला. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी वेगळं दार आहे आणि एक माणूस भर उन्हात भिंतीवर सावली टाकत त्या जिन्यानं वर चालला आहे. एका शीतपेयाची जाहिरातही तिथेच रंगवलेली आहे. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. सुट्टीच्या दिवशी सिनेमा पाहण्यासारख्या साध्या सुखातही अपमान कसा मुरवलेला होता, हे त्या एका जिन्यात कळतं.

1942 मध्ये गॉर्डन पार्क्स हा कृष्णवर्णीय तरुण शिष्यवृत्तीवर या विभागात आला. गहाणवटीच्या दुकानातून घेतलेल्या कॅमेऱ्यावर तो स्वतःच शिकला होता. स्ट्रायकरनं त्याला आधी कॅमेरा न घेता वॉशिंग्टन शहरात फिरायला पाठवलं: कोट विकत घे, हॉटेलात जेव, सिनेमा बघ. राजधानीत त्याला जागोजागी नकार मिळाला. मग स्ट्रायकरच्या सांगण्यावरून तो विभागाच्याच इमारतीत फरशा पुसणाऱ्या एला वॉटसन यांच्याशी बोलला. वर्षाला 1,080 डॉलरवर त्या सहा जणांचं कुटुंब चालवत होत्या. पार्क्सनं त्यांना राष्ट्रध्वजापुढे उभं केलं, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप. तो फोटो प्रसिद्ध झाला. पण पार्क्स पुढे काही आठवडे त्यांच्या मागे जात राहिला, घरी, देवघराशी, चर्चमध्ये, नातवंडांबरोबर, आणि ती सगळी मालिका पाहिल्यावर एला वॉटसन प्रतीक राहत नाहीत. त्या एक व्यक्ती होतात.

भोक पडलेल्या निगेटिव्ह

स्ट्रायकरला जो फोटो आवडायचा नाही, त्याच्या निगेटिव्हमध्ये तो पंचनं गोल भोक पाडायचा. 1939 च्या सुमारापर्यंत ही पद्धत चालली आणि छायाचित्रकार त्यावर चिडायचे. अशा निगेटिव्हवरून छापलेल्या फोटोत कुठे आकाशात, कुठे एखाद्याच्या चेहऱ्यावर काळं वर्तुळ दिसतं. हे नाकारलेले फोटोही जपले गेले, म्हणून आज आपल्याला निवडीची कात्री उघड दिसते.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर सूर बदलला. 1942 च्या सुरुवातीला स्ट्रायकरनं आपल्या माणसांना उत्साही, समाधानी चेहरे पाठवायला सांगितलं. विभाग युद्ध-माहिती खात्याकडे गेला. तरी साधं जगणं त्यातही आलं. जॅक डिलानो यांनी एप्रिल 1943 मध्ये आयोवातल्या क्लिंटनमध्ये रेल्वेची इंजिनं पुसणाऱ्या बायकांचा डबा खातानाचा रंगीत फोटो घेतला. डोक्याला रंगीत रुमाल, चेहऱ्यावर काजळी आणि समोर दुपारचं जेवण. कोडॅक्रोम या फिल्मवरचे हे रंग पाहिले की मंदीचा काळ राखाडी होता हा आपला समज गळून पडतो.

1943 मध्ये स्ट्रायकर बाहेर पडला. खातं बंद होताना फोटो विखुरले जाऊ नयेत म्हणून त्यानं धडपड केली आणि 1944 मध्ये सगळा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. सरकारी कामावर अमेरिकेत स्वामित्वहक्क लागत नाही, त्यामुळे हे फोटो आज कुणालाही इंटरनेटवर मोफत पाहता आणि उतरवून घेता येतात.

कुणी पाहायला बसलं तर माझं सांगणं एवढंच, प्रसिद्ध फोटोवर थांबू नका. त्याच ठिकाणचे आगेमागे काढलेले फोटो उघडा, कारण छायाचित्रकार काय शोधत होता हे त्या क्रमातून कळतं. मग खालची ओळ वाचा: गाव, महिना, काम, मजुरी. शेवटी चेहऱ्यावरून नजर हलवून भिंती, पायातले जोडे आणि फळ्यांवरच्या वस्तू पाहा, कारण तिथे ते लिहिलेलं असतं जे दाखवायचं म्हणून कुणी ठरवलेलं नसतं. जुने फोटो आपोआप इतिहास सांगत नाहीत. कुणीतरी विचारपूर्वक प्रश्न करावा लागतो, उत्तर नावागावासह लिहून ठेवावं लागतं आणि नको वाटलेलंही जपावं लागतं. भाताची शितं मोजावीत तितक्या निष्ठेनं हे काम एका सरकारी विभागानं आठ वर्षं केलं. त्यात प्रचार होता, पक्षपात होता, चुकाही होत्या. पण संध्याकाळी गरिबाच्या घरी काय चालतं, हा प्रश्न देशाच्या दप्तरात नोंदण्याइतका महत्त्वाचा आहे असं त्यानं मानलं, म्हणूनच त्या अमेरिकेबद्दल आपल्याला आज इतकं ठामपणे बोलता येतं.